राफाएल मेशुलम आणि अज्ञानाची सोय

मराठीत शास्त्रज्ञांची चरित्रे बहुधा संतचरित्रांच्या साच्यात लिहिली जातात. बालपणीचे दारिद्र्य, मग एखाद्या रात्री झालेला साक्षात्कार, त्यानंतर जगाने केलेली कुचेष्टा आणि अखेर स्टॉकहोमच्या सभागृहात झालेला उद्धार, असा त्यांचा क्रम ठरून गेलेला आहे. हा साचा सोयीचा आहे, कारण वाचकाला हात जोडण्यापलीकडे त्यात काही करावे लागत नाही. शास्त्रज्ञाने कोणता प्रश्न विचारला, तो त्याच्याआधी कोणी का विचारला नव्हता आणि उत्तर मिळाल्यावर समाजाने त्याचे काय केले, या गोष्टी अशा चरित्रांत दोन-चार वाक्यांत उरकल्या जातात. ज्या शास्त्रज्ञाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत त्यांना स्टॉकहोमचे बोलावणे कधी आले नाही. त्यांच्या कीर्तीचा आरंभ पोलिसांकडून मिळालेल्या पाच किलो चरसाने झाला. हा मजकूर कोणत्याही संतचरित्रात बसवणे अवघड आहे. म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीकडे जरा सावकाश पाहावे, असे आम्हांला वाटते.

राफाएल मेशुलम यांचा जन्म 1930 साली बल्गेरियातील सोफिया येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबाला राजधानी सोडून खेडोपाडी राहावे लागले. वडिलांची रवानगी छळछावणीत झाली, परंतु ते त्यातून वाचले. 1949 साली हे कुटुंब इस्राएलला आले. तेथे मेशुलम रसायनशास्त्राकडे वळले. लष्करी सेवेत असताना त्यांनी कीटकनाशकांवर काम केले, आणि संशोधनाचे व्यसन आपल्याला तेथेच जडले, असे ते पुढे सांगत. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत त्यांनी स्टेरॉइडांच्या रसायनावर डॉक्टरेट मिळवली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ काम केले आणि 1960 साली ते पुन्हा वाइझमन संस्थेत रुजू झाले. वय तिशीचे, पद कनिष्ठ, प्रयोगशाळा लहान. अशा माणसाने मोठ्या प्रयोगशाळांशी स्पर्धा होईल असा विषय घेतला तर तो मागे पडणार, हे उघड होते. मेशुलम यांनी असा विषय शोधला की ज्यात स्पर्धाच नव्हती.

अफूतून मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात वेगळे काढले गेले होते. कोकाच्या पानांतून कोकेन 1860पर्यंत हाती आले होते. मग गांजा-चरसात नेमके काय असते, हे 1960 सालीही कोणालाच का ठाऊक नसावे? कारणे दोन होती आणि ती दोन वेगळ्या प्रकारची होती. पहिले कारण रासायनिक. मॉर्फीन आणि कोकेन ही अल्कलॉइडे आहेत. आम्लाशी त्यांचे क्षार बनतात, क्षारांचे स्फटिक होतात आणि स्फटिक एकदा मिळाला की रसायनशास्त्रज्ञाचे निम्मे काम झाले. भांगेच्या झाडातील द्रव्ये चिकट, तेलकट, एकमेकांसारखी आणि एकमेकांत मिसळलेली असतात. केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1890च्या दशकात भारतातून आलेल्या चरसाचे ऊर्ध्वपातन करून एक लालसर तेल मिळवले होते. पुढे 1940च्या सुमारास अमेरिकेत रॉजर ॲडम्स आणि इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉड यांच्यासारख्या थोर रसायनशास्त्रज्ञांनी या प्रश्नाला हात घातला होता. ॲडम्स यांनी कॅनाबिडिऑल वेगळे केले, पण त्याची नेमकी रचना आणि नशेला कारणीभूत असणारे द्रव्य या दोन्ही गोष्टी अंधारातच राहिल्या.

दुसरे कारण सामाजिक होते. 1937 साली अमेरिकेने गांजावर जबर कर बसवून त्याचा व्यवहार जवळपास अशक्य केला, आणि तेव्हापासून विद्यापीठातील संशोधकाला हे द्रव्य मिळवणे दुष्कर झाले. त्यातून जो विषय चोरबाजाराशी आणि गांजेकसांशी जोडलेला, त्यात प्रतिष्ठित माणसाने का पडावे, अशीही भावना होती. रासायनिक अडचण 1960पर्यंत दूर होऊ लागली होती. क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून मिश्रणे वेगळी करता येत होती आणि न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स या नव्या तंत्राने रेणूची रचना उलगडता येत होती. सामाजिक अडचण मात्र होती तेथेच होती.

मेशुलम यांनी ती ज्या पद्धतीने ओलांडली ती कथा त्यांनी अनेकदा सांगितली आहे. वाइझमन संस्थेच्या प्रशासकांची पोलिसांत ओळख होती. एक फोन झाला, माणूस भरवशाचा असल्याची ग्वाही दिली गेली आणि मेशुलम तेल अवीवला जाऊन लेबाननमधून चोरट्या मार्गाने आलेला, जप्त केलेला पाच किलो चरस घेऊन सार्वजनिक बसने परतले. बसमधले उतारू हा वास कसला, म्हणून एकमेकांकडे पाहत होते. पुढे कळले की परवानगी द्यायचा अधिकार आरोग्य मंत्रालयाचा होता, म्हणजे देणारा आणि घेणारा दोघांनीही कायदा मोडला होता. मंत्रालयात जाऊन दिलगिरी व्यक्त केल्यावर प्रकरण मिटले आणि पुढचा माल रीतसर मिळू लागला. या गोष्टीतील विनोद सर्वांना भावतो. आम्हांला तिच्यातील दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. छोट्या देशातील छोट्या संस्थेत, परस्परांच्या ओळखीमुळे, जे अर्ध्या दिवसात साधले, ते मोठ्या देशांतील मोठ्या संस्थांना वर्षानुवर्षे साधले नव्हते. ज्ञानाच्या आड त्या घडीला एवढीच एक सही उभी होती.

1963 साली मेशुलम आणि युवाल श्वो यांनी कॅनाबिडिऑलची रचना निश्चित केली. 1964 साली मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल, म्हणजे आज सर्वतोमुखी असलेले टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि त्याची रचना प्रसिद्ध केली. चरसाचे घटक एकेक करून माकडांना टोचण्यात आले. हबीब एडेरी यांच्या साहाय्याने केलेल्या या चाचण्यांत टीएचसीने माकडे सुस्त आणि शांत झाली. नशेच्या बाबतीत बाकीच्या द्रव्यांचा तसा परिणाम दिसला नाही. मग माणसांवर चाचणी झाली, तीही घरगुती. मेशुलम यांच्या पत्नी दालिया यांनी केक केला. दहा मित्र जमले. पाच जणांच्या तुकड्यात दहा-दहा मिलिग्रॅम टीएचसी होते, पाच जणांच्या तुकड्यात काही नव्हते. ज्यांना ते मिळाले त्या साऱ्यांवर परिणाम झाला, पण प्रत्येकावर वेगळा. एक जण थोड्याथोड्या वेळाने हसत सुटला. एकाने आपल्याला काहीच होत नसल्याचे सांगितले आणि मग त्याचे बोलणे थांबेना. एकाला भीतीने घेरले.

आजच्या नीतिनियमांच्या समितीपुढे हा केक टिकला नसता, आणि टिकू नये हेच बरे. परंतु त्या संध्याकाळी जे दिसले ते पुढच्या साठ वर्षांच्या संशोधनाचे बीज होते. तोच रेणू, तेवढीच मात्रा, तेच घर; मग एकाला हर्ष आणि दुसऱ्याला धास्ती का? गांजाचे स्तोत्र गाणारे आणि गांजाला शिव्या देणारे, दोघेही हा प्रश्न टाळतात. पहिल्यांना फक्त हसणारा मित्र दिसतो, दुसऱ्यांना फक्त घाबरलेला. शास्त्रज्ञाला दोघेही दिसावे लागतात.

यानंतरचा प्रसंग आम्हांला या कारकिर्दीतील सर्वांत उद्बोधक वाटतो. मेशुलम यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे अनुदानासाठी अर्ज केला. उत्तर आले की हा विषय अमेरिकेच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही. मारिजुआना मेक्सिकोत ओढतात, अमेरिकेत नव्हे. सुमारे वर्षभराने त्याच संस्थेतील एक अधिकारी, डॅन एफ्रॉन, आस्थेने चौकशी करू लागले. एका सिनेटरचा मुलगा गांजा ओढताना सापडला होता आणि त्याच्या मेंदूवर काय परिणाम होईल, असे वडिलांनी विचारले होते. संस्थेत कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते. मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत साठलेले सुमारे दहा ग्रॅम टीएचसी एफ्रॉन अमेरिकेला घेऊन गेले आणि तेथील आरंभीचे बरेचसे प्रयोग त्यावर झाले. अनुदान सुरू झाले आणि पुढे कित्येक दशके चालू राहिले. एखादा प्रश्न महत्त्वाचा कधी ठरतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. मेक्सिकन मजुराच्या मेंदूत काय होते, हे जाणून घेण्याची गरज कोणाला भासली नव्हती. सिनेटरच्या घरापर्यंत धूर पोचल्यावर तोच विषय राष्ट्रीय झाला.

मेशुलम 1966मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आले. पुढच्या काळातील एक मोठा धागा चयापचयाचा होता: हे द्रव्य शरीरात गेल्यावर त्याचे काय होते? हा भाग लोकप्रिय लेखांत गाळला जातो. आम्हांला वाटते की सामान्य माणसाच्या आयुष्याशी त्याचाच संबंध सर्वांत जवळचा आहे. 1970च्या सुमारास अमेरिका, स्वीडन आणि इस्राएल येथील प्रयोगशाळांतून असे दिसून आले की यकृत टीएचसीचे आधी 11-हायड्रॉक्सी-टीएचसी या द्रव्यात रूपांतर करते. हे रूपांतरित द्रव्यही नशा आणणारेच असते. त्यानंतर त्याचे एका आम्लात रूपांतर होते, आणि त्या आम्लाला नशा नसते. मेशुलम यांच्याबरोबर या विषयावर काम करणारे अमेरिकेतील सम्नर बर्स्टाइन तर या निरुपयोगी मानल्या गेलेल्या आम्लातच वेदनाशामक गुण शोधत राहिले. त्यावरून बेतलेले एक औषध मोठ्या चाचणीपर्यंत पोचले आणि 2020 साली तेथे अपयशी ठरले. संशोधनाच्या वाटेवर असे थांबे बरेच असतात.

या रासायनिक साखळीचा अर्थ होळीला किंवा महाशिवरात्रीला भांग घेणाऱ्याला कळेल अशा शब्दांत सांगता येतो. चिलमीचा धूर फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही मिनिटांत पोचतो. थंडाईतली भांग आधी पोटात, मग यकृतात जाते. तिचा अंमल चढायला तास-दीड तास लागू शकतो, आणि चढतो तेव्हा मूळ द्रव्याबरोबर यकृतात तयार झालेले दुसरे द्रव्यही कामाला लागलेले असते. ‘अजून चढली नाही’ म्हणून जो दुसरा पेला घेतो, त्याची फजिती कशाने होते, हे यावरून समजावे. आपल्याकडे ही फजिती चेष्टेचा विषय आहे. तिचे कारण शाळेच्या शरीरशास्त्रात सांगण्यासारखे आहे, पण ते कोणी सांगत नाही.

याहून गंभीर गोष्ट लघवीच्या तपासणीची. टीएचसी मेदात विरघळते, चरबीत साठते आणि तेथून हळूहळू बाहेर पडते. नियमित सेवन करणाऱ्याच्या लघवीत ते नशाहीन आम्ल सेवन थांबवल्यानंतरही काही आठवडे सापडू शकते. बहुतेक तपासण्या याच आम्लाचा शोध घेतात. म्हणजे तपासणीत दोष निघाला तर या माणसाने मागे केव्हातरी सेवन केले होते, एवढेच सिद्ध होते. अपघाताच्या क्षणी तो नशेत होता की नव्हता, हे सिद्ध होत नाही. ज्याची नोकरी किंवा अब्रू अशा कागदावर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने हा फरक सूक्ष्म नाही. हा फरक अर्धशतकापूर्वी प्रयोगशाळेत स्पष्ट झालेला आहे. बोलण्यात, बातम्यांत आणि कित्येकदा निवाड्यांत तो अजून पुसट आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या गोष्टीकडे येतो. 1980 साली मेशुलम आणि ब्राझीलमधील एलिसाल्दो कार्लिनी यांच्या गटाने एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराचे पंधरा रुग्ण त्यात होते. आठ जणांना रोज 200 ते 300 मिलिग्रॅम कॅनाबिडिऑल दिले गेले, सात जणांना औषधविरहित गोळ्या. कॅनाबिडिऑलने नशा येत नाही. त्या आठांपैकी चौघांच्या आकड्या जवळपास थांबल्या आणि आणखी तिघांच्या कमी झाल्या. सात जणांपैकी फक्त एकाला बरे वाटले. पंधरा रुग्णांवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. मोठा अभ्यास करायला हवा, एवढे मात्र नक्की म्हणता येते. तो मोठा अभ्यास तीस वर्षांहून अधिक काळ कोणी केला नाही. 2013 साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या एका लहान मुलीच्या आकड्या कॅनाबिडिऑलयुक्त तेलाने आटोक्यात आल्याचे दूरचित्रवाणीवर दिसले, पालकांनी धरणे धरले आणि मग चाके हलली. रीतसर चाचण्या झाल्या. 2018 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी, ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या विकारांसाठी, कॅनाबिडिऑलला मान्यता दिली.

1980 ते 2018. या अडतीस वर्षांत ज्या मुलांना दिवसातून दहादहा वेळा आकडी येत होती, त्यांतली काही वाढली नाहीत. औषध उपलब्ध असते तर त्यांतली किती वाचली असती, हे कोणी सांगू शकणार नाही, आणि आम्हीही आकडा फेकणार नाही. पण विलंबाचे कारण औषधात नव्हते. त्याच्या आजूबाजूच्या बदलौकिकात होते, आणि ज्या द्रव्यावर पेटंट मिळवणे कठीण त्यावर पैसा कोण घालणार, या हिशेबातही होते. हीच गोष्ट 1995मध्ये पुन्हा घडली. जेरुसलेमच्या आया अब्राहामोव यांच्यासमवेत मेशुलम यांनी कर्करोगावर उपचार घेणाऱ्या आठ मुलांना टीएचसीचे एक सौम्य भावंड, डेल्टा-8-टीएचसी, तेलाच्या थेंबांतून दिले. सुमारे 480 वेळा ते दिले गेले आणि उपचारानंतरच्या उलट्या थांबल्या. प्रतिकूल परिणाम अगदी किरकोळ होते. हा अभ्यासही लहान, तुलनागट नसलेला. तोही पुढे नेला गेला नाही. अभ्यास लहान आहे म्हणून तो मानायचा नाही आणि मोठा करायचाही नाही, अशी ही दुहेरी सोय आहे.

आणि ही सोय नवी नाही. 1839 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने भांगेच्या अर्काचे प्रयोग आधी जनावरांवर आणि मग रुग्णांवर करून त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्याने नोंदवलेल्या रुग्णांत आकड्या येणारे एक तान्हे मूलही होते, आणि ते बरे झाल्याचे त्याने लिहिले. तो अर्क आणि आजचे शुद्ध कॅनाबिडिऑल एकच नव्हे, आणि एका मुलावरून काही सिद्धही होत नाही. पण प्रश्न कोठे दडला आहे, हे आपल्याच भूमीवर एका डॉक्टरने दाखवून ठेवले होते. आपल्या वैद्यकाने तो उचलला नाही.

1894 साली भारतीय भांग आयोगाचा अहवाल आला. 1193 साक्षीदारांची साक्ष, अनेक खंडांचे काम. मुंबई इलाख्यासह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात हा आयोग फिरला होता. गांजामुळे वेड लागते, असा जो समज वेड्यांच्या इस्पितळांच्या आकड्यांवर उभा होता तो आयोगाने तपासला तेव्हा आढळले की रुग्णाच्या वेडाचे कारण कित्येकदा पोलिसाने भरलेल्या कागदावरून जसेच्या तसे नोंदवहीत उतरवले गेले होते. मर्यादित सेवनाने बहुधा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा समतोल निष्कर्ष आयोगाने काढला. आयोग साम्राज्याचा होता, अबकारी उत्पन्नाचे हितसंबंध होते, हे सारे मान्य केले तरी विचारण्याची पद्धत आजही हेवा वाटावा अशी आहे. त्या अहवालानंतर रसायनाचे काम आपल्याकडेच पुढे चालायला हवे होते. झाड आपले, नोंदी आपल्या, सेवन करणारेही आपले. ते काम झाले रेहोवोतमध्ये, लेबाननच्या चरसावर.

1985 साली आपण अमली पदार्थांचा कायदा केला. त्यात शेंड्याच्या फुलोऱ्याला गांजा म्हटले आणि शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया वगळल्या. त्यामुळे भांग त्या कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या अखत्यारीत राहिली. ही तडजोड परंपरेचा मान राखणारी आहे, व्यवहारात शहाणपणाचीही असेल. पण तिची रेषा झाडाच्या अवयवांवरून आखलेली आहे. पानात टीएचसी कमी असते, शेंड्यात जास्त; पेल्यात किती उतरले, हे कायदा विचारत नाही आणि पिणाराही विचारत नाही. डिसेंबर 2020मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वाधिक घातक द्रव्यांच्या यादीतून 27 विरुद्ध 25 मतांनी वगळले, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. तिकडे हात वर झाला, इकडे त्यावर दोन शब्दांची चर्चा झाली नाही.

आपल्याकडे या विषयावर चर्चा होते ती एका नावाची. 1988 साली अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिवेन यांनी दाखवले की मेंदूत टीएचसीला ओळखणारे ग्राही आहेत. शरीर झाडासाठी ग्राही कशाला बाळगेल? शरीराचेच काही द्रव्य असले पाहिजे. डिवेन जेरुसलेमला आले, झेक रसायनशास्त्रज्ञ लुमीर हानुश सोबत होते, आणि डुकराच्या मेंदूतून महत्प्रयासाने त्यांनी ते अल्पसे द्रव्य वेगळे केले. 1992 साली ते प्रसिद्ध झाले. त्याचे नाव संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदमाइड’ ठेवले गेले. 1995मध्ये त्याच प्रयोगशाळेतून 2-एजी या दुसऱ्या द्रव्याची ओळख पटली. वेदना, भूक, स्मृती, भय, उलटी, शरीराच्या कितीतरी व्यवहारांत लुडबुड करणारी एक संपूर्ण यंत्रणा अशी उजेडात आली.

हे नाव आपल्याकडे छातीठोकपणे सांगितले जाते. आमच्या ऋषींना हे ठाऊक होते, म्हणूनच नाव संस्कृत, असा निरोप भ्रमणध्वनीवरून फिरतो. अथर्ववेदात ‘भंग’ हा शब्द आहे; पण शब्द असणे आणि रेणू ठाऊक असणे यांत जे अंतर आहे ते चालून जावे लागते, आणि ते चालण्यातच माणसांची आयुष्ये जातात. नाव आपल्या भाषेतले आहे याचा आनंद जरूर मानावा. परंतु ते आपल्याला मिळालेले प्रशस्तिपत्र नव्हे. दुसऱ्याच्या बारशाला आपल्या आजीचे नाव ठेवले म्हणून ते मूल आपले होत नाही.

शिवाय त्या नावाने रेणूची कामगिरी सोपी केलेली नाही. आनंदमाइड शरीरात गरजेपुरते तयार होते आणि एक विकर त्याचे लगेच विघटन करते. मग ते विकरच रोखले तर आनंदच आनंद, असा तर्क सुचतो. जानेवारी 2016मध्ये फ्रान्समधील रेन येथे अशाच एका नव्या औषधाच्या पहिल्या मानवी चाचणीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि आणखी काहींना मेंदूची इजा झाली. याउलट ग्राहीच बंद करून भूक आणि लठ्ठपणा कमी करणारे रिमोनाबँट हे औषध 2006मध्ये युरोपात विक्रीस आले. ते घेणाऱ्या काहींना नैराश्याने आणि आत्महत्येच्या विचारांनी ग्रासले, म्हणून 2008मध्ये ते मागे घेण्यात आले. भारतातही 2009मध्ये त्यावर बंदी आली. मेशुलम यांच्या प्रयोगशाळेतून निघालेले आणि मेंदूच्या इजेवर मोठ्या आशेने तपासलेले एक द्रव्यही शेवटच्या टप्प्यातील चाचणीत निष्प्रभ ठरले. त्यांनीच बनवलेले एचयू-210 हे अतितीव्र कृत्रिम द्रव्य 2009च्या सुमारास अमेरिकेत ‘स्पाइस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सापडले.

या शेवटच्या गोष्टीवरून आक्षेप घेतला जातो की अशा संशोधनानेच नशेला प्रतिष्ठा आणि हत्यारे पुरवली. आक्षेप पोकळ नाही. मात्र त्याचा विचार करताना हेही ध्यानात घ्यावे की आजच्या गांजात टीएचसीचे प्रमाण पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहे आणि किशोरवयात जास्त सेवन करणाऱ्यांत मनोविकाराचा धोका अधिक आढळतो, ही विधाने आपण करू शकतो ती 1964च्या त्या रेणूमुळेच. मोजायचे काय, हेच ठाऊक नसते तर वाढले कशाचे प्रमाण? ज्ञानाने भक्तांची जेवढी सोय केली तेवढीच टीकाकारांचीही केली. फरक एवढाच की दोघांनाही ते अर्धेच हवे असते. मेशुलम यांचा स्वतःचा आग्रह शेवटपर्यंत एकच होता: याकडे औषध म्हणून पाहा, आणि औषधाला जे जे निकष लावता ते सारे याला लावा. आज दुकानांत आणि संकेतस्थळांवर सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत सगळ्यांवर रामबाण म्हणून जी तेले विकली जातात, त्यांतल्या बहुतेक दाव्यांना त्या निकषांचा आधार नाही. बंदीने जसे अज्ञान सांभाळले तसेच बाजारही सांभाळतो, कारण चाचणीचा निकाल काय लागेल याची खात्री नसताना चाचणी करणे धंद्याला परवडत नाही.

मेशुलम 9 मार्च 2023 रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. 2000 साली त्यांना इस्राएलचा सर्वोच्च सन्मान मिळाला होता, परदेशांतूनही मान मिळाले, आणि अगदी उतारवयातही ते प्रयोगशाळेत काम करत होते. आम्हांला त्यांच्या कारकिर्दीत तेजापेक्षा चिकाटी अधिक जाणवते. एकच झाड, साठ वर्षे. आधी त्यातले द्रव्य, मग त्या द्रव्याचे शरीरातील भवितव्य, मग शरीराचे स्वतःचे द्रव्य. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने उपस्थित केलेल्या प्रश्नावर उभी. त्यांना कोणी देवदूत म्हणावे किंवा नशेचे जनक म्हणावे, असे त्यात काही नाही.

समाज म्हणून आपण काय घ्यावे, हा प्रश्न उरतो. एखादी गोष्ट निंद्य मानण्याचा अधिकार समाजाला आहे, पवित्र मानण्याचाही आहे. पण ती निंद्य आहे म्हणून तिच्याविषयी अडाणी राहण्याचा, किंवा पवित्र आहे म्हणून तिची तपासणी नाकारण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. कारण अशा अज्ञानाची किंमत ते बाळगणारे क्वचितच मोजतात. ती मोजतो दुसराच कोणीतरी: आकडीत तडफडणारे मूल, जुन्या सेवनाच्या खुणेवरून कामावरून काढलेला मजूर, रामबाण तेलाच्या भरवशावर खरा उपचार सोडून बसलेला रुग्ण. आपल्या देशात हे झाड कुंपणाकुंपणाने उगवते. त्याच्यापुढे हात जोडणारे आणि त्याला लाथ मारणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यात काय आहे, असे विचारून उत्तर मिळेपर्यंत तेथे बसून राहणारे फार थोडे आहेत, आणि त्यांना लागणारी ती एक सही देणारे त्याहून थोडे.